'अजिबात दुखणार नाही'

मनूच्या शाळेच्या पालक ग्रुपवर काल एका आईनं विचारलं, साडेपाच वर्षांच्या मुलाचं पुढच्या आठवड्यात अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, त्याला काय सांगू? दीड-दोन महिन्यांपूर्वी अपेंडिक्स सुजून त्याच्या पोटात सुजेचा गोळा धरला होता. तो अँटिबायोटिक्सनी बसवला आणि आता अपेंडिक्स काढायचं ठरलंय. खाली धडाधड उत्तरं. 'काही सांगू नकोस, घाबरेल.' 'आइस्क्रीमचं आमिष दाखव.' एकीनं तर 'गेम झोनला चाललोय म्हणून सांग' असं लिहून पुढे तीन बदाम टाकले. मी उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की ग्रुपवर शोभेना. म्हणून इथे टाकतेय.

यातलं जवळजवळ सगळं मी स्वतः करून बसलेय.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. मनू सहा वर्षांची, पहिलीत. गुरुवारी रात्री पोट दुखतंय म्हणाली. कुठे? तर बेंबीवर बोट. संध्याकाळी पाणीपुरी झाली होती, त्यामुळे आरोपी लगेच सापडला. सासूबाईंनी हिंग कालवून बेंबीभोवती लावला, मी ओव्याचं पाणी पाजलं, ते तिनं उलटून टाकलं. 'बरं झालं, निघून गेलं सगळं,' असं म्हणून आम्ही झोपलो. सकाळी अंगात किंचित कणकण, गुळांबा-पोळी समोर ठेवली तर तोंड फिरवलं. बाथरूमला जाताना उजव्या बाजूला वाकून, भिंत धरून चालत होती. आता कुठे दुखतंय विचारलं तर हात खाली उजवीकडे. सासूबाई म्हणाल्या, एरंडेल देऊ, पोट साफ होईल. मी चमचा शोधत होते, खरंच सांगते. तेवढ्यात नवऱ्यानं डॉक्टरांना फोन लावला आणि पलीकडून पहिलं वाक्य आलं, 'जुलाबाचं काहीही देऊ नका, घेऊन या.'

नंतर कळलं की हे अगदी पुस्तकातल्यासारखं होतं. आधी बेंबीजवळ, मग काही तासांनी उजवीकडे खाली, भूक मेलेली, उलटी, थोडा ताप. दुखणं आधी आणि उलटी नंतर, हा क्रमही. अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी ती करंगळीएवढी पिशवी, तिचं तोंड बहुतेक वेळा घट्ट झालेल्या शीच्या खड्यानं नाही तर सुजलेल्या गाठींनी बंद होतं. अशात जुलाब दिला तर ती फुटायचा धोका वाढतो. आणि मूल जितकं लहान, तितकं ते नीट सांगू शकत नाही आणि तितकं ते फुटेपर्यंत आपण 'गॅस'च म्हणत बसतो. पेरूच्या बिया, जेवल्यावर पळणं, ही आपण लहानपणी ऐकलेली कारणं जवळजवळ भाकडच. आमच्या डॉक्टरांनी तपासताना मनूला म्हटलं, 'एका पायावर उडी मार बघू.' एरवी सोफ्यावर उड्या मारत जमिनीला पाय न टेकवणारी पोर जागची हलली नाही. त्यांनी चिठ्ठी लिहिली, सोनोग्राफी आणि मिरजेला लहान मुलांचे सर्जन.

इथून माझा खोटेपणा सुरू झाला.

गाडीत मी म्हणाले, पोटाचा फोटो काढायचा आणि मग आइस्क्रीम. फोटो काढला. आइस्क्रीम कुठलं, तोंडानं पाण्याचा थेंबही द्यायचा नाही असं सांगितलं. सलाइन लावायला सिस्टर आल्या तेव्हा मी म्हणाले, 'मुंगी चावल्यासारखं, अजिबात दुखणार नाही.' उपाशी आणि उलट्यांनी सुकलेल्या पोराची शीर कुठली सापडतेय! डावा हात झाला, उजवा झाला. एकीनं खांदे धरले, नवऱ्यानं पाय, मी डोकं. ती ओरडत होती, 'मुंगी नाहीये ही!' आणि मी तरीही म्हणत होते, 'झालं झालं, शूर ना माझी बाय, शूर मुली रडतात का?'

रडतात की. का नाही रडणार? सुई तिसऱ्यांदा टोचल्यावर मीही रडले असते.

पण खरं सांगायचंय ते पुढचं आहे. संध्याकाळ होता होता तिचा माझ्यावरचा विश्वास पार उडाला होता. थर्मामीटर लावायला आले तरी 'हे दुखणार' म्हणून किंचाळत होती. मी 'नाही दुखणार' म्हटलं की जास्तच. माझं 'नाही' म्हणजे तिच्या हिशेबानं 'हो' झालं होतं. शेवटी मी जवळ बसून मऊ आवाजात म्हणाले, 'मनू, डॉक्टरकाका तुला झोपवतील, तुला काही कळणारसुद्धा नाही.'

तिनं विचारलं, 'आजोबांसारखं?'

सासरे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. त्यांना हॉलमध्ये ठेवलं होतं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं होतं, आजोबा झोपलेत. ती त्यांना उठवायला गेली होती. आम्ही तिला शेजारच्या घरी पाठवलं आणि त्यानंतर तो विषय घरात कुणी काढला नव्हता.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिथे भूलतज्ज्ञ बाई आल्या होत्या, मनूचं वजन, दात हलतो का, शेवटचं कधी खाल्लं, असं काय काय विचारत होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि सरळ पलंगावर बसल्या. म्हणाल्या, 'आजोबा झोपले नव्हते. आजोबा वारले. त्यांचं शरीर चालायचं बंद झालं. तुझं बंद होणार नाही. मी तुला या नळीतून दुधासारखं दिसणारं एक औषध देणार. ते चालू आहे तोवर तुला कळणार नाही. मी सगळा वेळ तुझ्या डोक्याशी बसून मशीनवर तुझ्या हृदयाची टिकटिक ऐकत असते. काम झालं की औषध बंद. मग तू उठतेस.'

'उठल्यावर दुखणार?'

'हो. पोटाला तीन छोटी भोकं असतील, त्यामुळे दुखेल.'

'किती?'

'काल रात्री दुखत होतं त्याच्यापेक्षा कमी. पडून गुडघा फुटतो त्याच्यापेक्षा जास्त. आणि दुखलं की सांगायचं, मी दुसरं औषध ठेवलंय.'

मनूनं थोडा वेळ स्वतःच्या गुडघ्याकडे बघितलं. तिथे खपली होतीच. मग म्हणाली, 'बरं.' दिवसभरात पहिल्यांदा ती स्वतःहून उताणी झाली. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. आणि एवढं हलकंही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की 'दुखणार नाही' हे आपण मुलासाठी म्हणत नाही, स्वतःसाठी म्हणतो. त्याच्या प्रश्नाला तोंड द्यायला लागू नये म्हणून. मूल घाबरेल ही भीती खरी आहे, पण ते तसंही घाबरलेलंच असतं, आपण फक्त त्याला एकटं घाबरायला लावतो. महिनाभर आधीपासून डोकं खायचं नाही, पण सहा वर्षांच्या मुलाला दोन-तीन दिवस आधी, त्याच्या भाषेत, झेपेल एवढं खरं सांगायला काय हरकत आहे? आमच्याकडे दोन-तीन तासच होते, तेही मी वाया घालवले.

जाता जाता एक. अपेंडिक्स काढल्याचं नोंदलेलं सगळ्यात पहिलं ऑपरेशन एका मुलावरच झालं होतं. १७३५ साली, लंडनमध्ये, अकरा वर्षांचा मुलगा, त्याने गिळलेली टाचणी अपेंडिक्समध्ये जाऊन बसली होती. भूल नव्हतीच, ईथर यायला अजून शंभरावर वर्षं होती. जागेपणी, जवळजवळ अर्धा तास. मुलगा वाचला. त्याला त्या सर्जननं आधी काय सांगितलं असेल, हे मला हल्ली उगाच डोक्यात येतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, पाऊण तास. अपेंडिक्स सुजून टम्म झालं होतं, फुटलं नव्हतं. सर्जननी बरणीत आणून दाखवलं. मोठ्या गांडुळाएवढं काहीतरी, आणि त्यासाठी एवढा गहजब. कॅशलेसची मंजुरी तोवर यायचीच होती, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

उठतानाचं मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सांगते. भूल उतरताना मनूनं मला ओळखलंच नाही. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच, लाथा झाडतेय, 'आई पाहिजे' म्हणून रडतेय आणि मी आई समोर उभी. माझे हातपाय गळाले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, 'लहान मुलांना होतं असं, बोलू नका जास्त, नुसतं जवळ थांबा, ओसरेल.' वीसेक मिनिटांत ओसरलं. दुसऱ्या दिवशी तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. मला आठवतंय. आणि पोटाचं ऑपरेशन होऊन खांदा का दुखतोय, हे कोडंही आधी माहीत असलेलं बरं. पोट फुगवायला जो गॅस भरतात, त्याचा थोडा भाग आत राहतो, तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात जाते. एक-दोन दिवसांत जाते.

मग सुरू झाली प्रतीक्षा. कशाची, तर पोरीच्या पादण्याची. आतडी कामाला लागली याची ती घरच्यांना कळणारी पावती. दर राउंडला तोच प्रश्न, 'गॅस पास झाला का?' सासूबाई माळ घेऊन बसलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पावती मिळाली आणि त्या इतक्या मोठ्यानं 'गजानना!' म्हणाल्या की शेजारच्या पलंगावरचं बाळ उठलं. मनू हसायला लागली, हसताना टाके दुखले, मग रडायला लागली. पोटावर उशी दाबून हसायचं, खोकायचं, हे तिनं त्यानंतर शिकून घेतलं.

भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं, ते मला अजून जमलेलं नाही. तासगावहून दोन पेट्या द्राक्षं आली, तिला घोटभर पाण्याचीही बंदी असताना. एका काकूंनी तिच्या उशाशी बसून स्वतःच्या भावाचं अपेंडिक्स कसं फुटलं, पोटात कसा पू झाला, हे अगदी चवीनं सांगितलं. मी उठून त्यांना चहाला बाहेर नेलं. याउलट माझ्या भावानं तिला एका रशियन डॉक्टरची गोष्ट सांगितली. १९६१ साली अंटार्क्टिकावरच्या तळावर एकच डॉक्टर, लिओनिद रोगोझोव्ह, त्यालाच अपेंडिक्स झालं. बाहेर बर्फ, विमान येऊ शकत नाही. मग त्यानं सहकाऱ्यांना आरसा धरायला लावून स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं, आणि दोन आठवड्यांत कामावर. ही गोष्ट तिनं निदान वीस वेळा सांगायला लावली. त्या माणसाला 'दुखणार नाही' म्हणायला कुणी नव्हतंच. पेशंट तोच, डॉक्टर तोच.

माझी अजून एक चूक. घरी आल्यावर दुसऱ्या रात्री ती शांत झोपली होती, म्हणून मी दुखण्याचं औषध चुकवलं. 'कशाला उगाच जास्त औषधं पोटात,' हा आपला लाडका विचार. पहाटे तीनला ती कळवळत उठली आणि मग ते दुखणं आटोक्यात यायला तास गेला. पहिले दोन-तीन दिवस वजनाप्रमाणे दिलेलं औषध घड्याळ लावून द्या. इलॅस्टिकची पँट नको, बेंबीजवळच्या टाक्याला घासते. आमच्याकडे बाबाचे टी-शर्ट चालले. शाळा नवव्या दिवशी. पीटी आणि सायकल चार आठवडे बंद, त्याची चिठ्ठी मागून घ्या, नाही तर सरांना पटत नाही. आणि मधेच अंथरूण ओलं झालं, रात्री हात सोडेना, असं झालं तर ओरडू नका. आमचं महिनाभर चाललं, मग आपोआप थांबलं.

आजोबांबद्दलही आम्ही बोललो, मार्चमधल्या एका रविवारी. तिला बरंच आधीच माहीत होतं.

आठव्या दिवशी टाके बघायला गेलो तेव्हा पट्टी काढायला घेताना डॉक्टर सवयीनं म्हणाले, 'अजिबात दुखणार नाही हं.' मनूनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, 'चिकटपट्टी ओढताना चुरचुरेल. तीन वेळा.' ती बोटांवर मोजत बसली. तिसऱ्यांदा चुरचुरल्यावर म्हणाली, 'संपलं,' आणि डॉक्टरांकडे अशा काही नजरेनं बघितलं की ते बिचारे सॉरी म्हणाले.