‘ताई, तुम्ही रेसिपी लिहा’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

परसातल्या ग्रिल आणि स्मोकरच्या (धुरावर मासे-मांस शिजवायच्या भट्टीच्या) बांधकामावर लिहिलेल्या लेखाला तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. इतरांसाठी तिचा सारांश देते. तुमच्या मते फायरब्रिक (आच सोसणारी वीट) मातीत बसवणं हा अडाणीपणा आहे, सिमेंट वापरायला हवं होतं, कोकणातल्या एका पावसाळ्यात सगळं वाहून जाईल. शिवाय खर्च उधळपट्टीचा आणि धुरातलं खाणं तब्येतीला वाईट. आणि या सगळ्याची सुरुवात अशी: ‘ताई, तुम्ही रेसिपी लिहा, बांधकाम गवंड्यावर सोडा.’

दादा, हरकत घ्यायला माझी ना नाही. पण हे वाक्य कशासाठी? हाच लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर ‘भाऊ, तुम्ही रेसिपी लिहा’ असं म्हणाला असतात का? मला वाईट वाटलं आणि रागही आला, तो लपवत नाही. काम गवंड्यानेच केलंय, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे. कुठे काय लावायचं ते मी सांगितलं, कारण ते मला माहीत आहे.

माझ्या वडिलांची लाकडावरची बेकरी होती. भट्टीच्या तोंडाशी बसून मी अभ्यास केलाय. लाकडं जळून निखारे बाजूला ओढले की वडील चिमूटभर मैदा आतल्या लादीवर भिरकावायचे. तो क्षणात काळा पडला तर थांबायचं, सावकाश तांबूस झाला की पाव आत. ती भट्टी आतून विटा आणि माती एवढ्यावरच उभी होती. दरवर्षी गणपतीच्या आधी तोंडाजवळच्या भेगा वडील स्वतः मातीने लिंपायचे आणि मी माती मळून द्यायचे. त्या भट्टीने आमचं घर चालवलं. तिला अडाणीपणा म्हणण्याआधी तुम्ही क्षणभर थांबायला हवं होतं.

आता सिमेंटचं. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये कळीचुना पाणी पिऊन बसलेला असतो. साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअसला ते पाणी निघून जातं आणि मागे कोरडा कळीचुना उरतो. निखाऱ्यांची आच सहज 600 अंशांच्या वर जाते, म्हणजे आगीला लागून असलेल्या सांध्यात हे होणारच. पुढे पावसाळी हवेत तोच चुना पुन्हा पाणी ओढतो, फुगतो आणि सांधा आतून फोडतो. म्हणजे ज्या पावसाची भीती तुम्ही मला घालताय, तो आगीजवळच्या सिमेंटचाच जास्त घात करतो. आमच्या जवळच्या एका रिसॉर्टमधलं बार्बेक्यू मी मुद्दाम पाहून आले. बाहेरून सुरेख चिरा (जांभा दगड), आत फायरब्रिक आणि सिमेंटचे जाडजूड सांधे. नखाने उकरलं तर राखाडी भुकटी हातात आली. एक वीट तर नुसत्या बोटाने हलत होती.

फायर क्लेला, म्हणजे मी वापरलेल्या आच सोसणाऱ्या मातीला, हा रोग नाही. विटा तापून प्रसरण पावतात तेव्हा मातीचा बारीक सांधा तेवढं सामावून घेतो. म्हणून सांधा दोन-तीन मिलिमीटरच ठेवायचा, वीट आधी पाण्यात बुडवून घ्यायची आणि माती दह्याएवढी पातळ कालवायची. पहिले काही दिवस लहानसा जाळ करून ओल हळूहळू काढायची. एकदम मोठी आग घातली तर अडकलेली वाफ विटाच फोडते.

आणि दादा, लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं की बाहेरच्या चिऱ्याच्या भिंतीला मी सिमेंटच वापरलंय. स्मोकरच्या ज्या कप्प्यात बांगडा आणि कोंबडी टांगते तिथे 110 ते 120 अंशच असतात, तिथेही सिमेंट आहे. माती आहे ती फक्त आगीच्या पेटीला आणि ग्रिलच्या निखाऱ्यांच्या तळाला. चिरा पाणी धरून ठेवतो, त्याला थेट आच लागू नये म्हणून मध्ये फट सोडून तिच्यात कोरडी वाळू भरली आहे. तुम्ही ‘सगळं मातीत’ असं लिहिलंत, ते माझ्या लेखात कुठेही नाही.

एक मान्य करते. फोटोत छप्पर दिसत नाही. ते फोटो कौलं चढायच्या आधीचे आहेत आणि तसं खाली लिहिलं असतं तर बरं झालं असतं. छपराशिवाय मातीचा सांधा टिकत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे.

खर्च माझा आहे, त्याचा हिशेब मी इथे मांडणार नाही. धुराचा विषय वेगळा, त्यावर आत्ता वाद घालत नाही. तुम्ही सुचवलेली गॅल्व्हनाइज्ड जाळी मात्र कोणीही निखाऱ्यांवर ठेवू नका. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं. स्टीलचीच घ्या.

पुढचा लेख धुरांड्यावर आणि हवेच्या झडपेवर आहे. त्यातलं काही चुकीचं वाटलं तर जरूर लिहा, मी उत्तर देईन. मात्र मी काय लिहावं आणि काय गवंड्यावर सोडावं हे सांगणारी प्रतिक्रिया यापुढे इथे प्रसिद्ध होणार नाही.