‘पुण्यातल्या खुर्ची’विषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

मालवणच्या समुद्री अभयारण्याची हद्द आखण्याआधी रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, विचारून त्यांच्याशी करार व्हायला हवा, अशा आशयाच्या माझ्या लेखावर ‘एक अभ्यासक’ या नावाने आलेली आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपण लिहिता, ‘पुण्यातल्या खुर्चीत बसून रापणकरांचे गोडवे गाणे सोपे असते. संवर्धनाच्या करारावर गावातर्फे सही कोण करतो, मासे विकणाऱ्या बायका आणि बाहेरगावचे खलाशी बैठकीला असतात का, करार मोडला तर गस्त कोण घालणार, यावर लेखात चकार शब्द नाही.’

एक चूक आपण दाखवलीत, ती मान्य. अभयारण्याचे सगळे २९.१२ चौरस किलोमीटर म्हणजे गाभा क्षेत्रच (सर्वांत कडक निर्बंधांचा आतला भाग), असा माझ्या एका वाक्याचा अर्थ होत होता. गाभा क्षेत्र ३.१८ चौरस किलोमीटरच आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता खुर्चीविषयी. मी पुण्यात राहतो, हे खरे. परंतु वयाच्या दहाव्या वर्षापासून मी आजोबांच्या रापणीचा दोर ओढला आहे. होडी जाळे सोडत समुद्रात वळसा घालून पुन्हा किनाऱ्याला लागते, मग दोन्ही टोकांना माणसे दोर धरतात आणि तासभर मागे मागे सरकत राहतात. ओल्या दोराने तळहाताची साल निघते, ती खाऱ्या पाण्यात झोंबते, आणि शेवटी पोरांच्या पदरात अर्धा वाटा पडतो, तोही बहुधा पेडव्यांसारख्या लहान माशांचा. ज्याने हे केले आहे त्याला ‘गोडवे’ हा शब्द लागावा, हे आपल्यासारख्या अभ्यासकाच्या लक्षात यायला हरकत नव्हती.

त्याच किनाऱ्यावर पुढे एका प्रकल्पाची सभा भरली होती. साहेबांनी पालथ्या होडीवर नकाशा पसरला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. नकाशावरची अक्षरे इंग्रजी होती. आजोबांनी विचारले, ‘ह्येच्यात आमची रापण खंय पडता?’ साहेबांनी निळ्या भागावरून बोट फिरवले आणि पुढचा विषय घेतला. शेवटी हजेरीचा कागद फिरला. आजोबांना सहीपुरतेच लिहिता येत असे. ती त्यांनी केली. पुढे अहवालात त्याच सह्या ‘स्थानिकांची संमती’ म्हणून छापून आल्या. तेव्हा सही म्हणजे काय, हे मला कृपया शिकवू नये.

लेखाचे म्हणणे एवढेच होते की, हद्द आखण्याआधी विचारणे आणि आखल्यावर समजावणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १३ एप्रिल १९८७ रोजी अभयारण्याची अधिसूचना निघाली आणि मच्छीमारांचा विरोध त्यानंतर वर्षानुवर्षे धुमसत राहिला. याउलट, जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित जीव जाळे कापून सोडल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची राज्य शासनाची २०१८ची योजना पाहा. सोडतानाचे छायाचित्र तिथे मच्छीमारानेच काढायचे असते. कापलेल्या जाळ्याला किंमत असते, हे ज्या कागदावर लिहिले जाते त्याला मी करार म्हणतो. मग त्याचे सरकारी नाव काहीही असो.

गस्त हा शासनाच्या कामाचा भाग आहे, माझ्या लेखाचा विषय नव्हे. खलाशांविषयी स्वतंत्रपणे कधीतरी लिहीन. राहिला प्रश्न बायकांचा. माझी आजी चाळीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन बांगडे विकत होती, त्यामुळे बायकांचा विसर पडल्याचा आरोप माझ्यावर तरी होऊ नये. त्या सभेला ती नव्हती हे खरे, पण त्याचे कारण साधे होते: सभा सकाळी होती आणि ती बाजारात होती.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने दिलीत तर उत्तर देणे मला सोपे जाईल.

आपला,
लेखक