टॅब दिला म्हणून लेकरू मुकं होत नाही

गेल्या रविवारी मानवतला ताईकडे गेलो, तर भाच्याचा टॅब पत्र्याच्या पेटीत, वर कुलूप. भाचा सात वर्षांचा. ऑटिस्टिक आहे, म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळं बोलणं-मिसळणं वेगळ्या तऱ्हेचं. तोंडानं चार-पाच शब्द काढतो, बाकी सगळं टॅबवरच्या चित्रांना बोट लावून सांगतो. बोट लावलं की टॅब तो शब्द मोठ्यानं उच्चारतो. तोच टॅब पेटीत का, तर भाऊजींच्या भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला होता. सहा दिवस लेकरू भिंतीवर डोकं आपटत होतं आणि घरातले म्हणत होते, सवय मोडताना त्रास व्हायचाच.

मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे आला असेल. त्यात म्हटलंय: ऑटिझम मोबाईलमुळे होतो, स्क्रीन बंद केली की ९० दिवसांत मूल नॉर्मल होतं. बोलणारं ॲप दिलं की मूल आळशी होतं आणि तोंडानं कधीच बोलत नाही. बोलतं ते यंत्र, मूल नव्हे. आणि या मुलांना पुढे नोकरी मिळत नसते, म्हणून खर्च वाया. खाली नुसतं ‘एक अनुभवी डॉक्टर’. नाव नाही, गाव नाही.

मोबाईलचं आधी उरकतो. लिओ कॅनर या मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांनी अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला तो १९४३ साली. त्यातली तीन मुलं बोलतच नव्हती. तेव्हा मोबाईल कुठला? आपल्याकडे टीव्हीसुद्धा १९५९ साली आला, तोही दिल्लीत. हां, एवढं मान्य करतो की तान्ह्या लेकराच्या हातात तासन् तास रील देणं वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय, दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. स्क्रीनपायी मागे पडलेली भाषा स्क्रीन कमी करून, लेकराशी बोलून पुढे येऊ शकते. पण ते ऑटिझम बरं होणं नव्हे. आणि ही मर्यादा बसून बघण्याची आहे, बोलण्याची नाही. टॅबवर यूट्यूब लागेल अशी भीती असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन तेवढं एकच ॲप पिन करा, लेकराला सहज दुसरीकडे जाता येत नाही. कुलपाची गरज नाही.

आता आळशी होण्याचं. या एका वाक्यानं सगळ्यात जास्त नुकसान केलंय, म्हणून इथं थांबतो.

मिलर, लाइट आणि श्लॉसर या तीन संशोधकांनी २००६ साली नेमका हाच प्रश्न तपासला. बोलण्याला पर्यायी साधन दिलं तर तोंडचं बोलणं कमी होतं का? आधीचे २३ अभ्यास गोळा केले, त्यात ६७ जण होते. ज्यांचा पुरावा पक्का धरता येईल असे २७ निघाले. त्यांपैकी ८९ टक्क्यांचं तोंडी बोलणं वाढलं, ११ टक्क्यांचं होतं तिथंच राहिलं. कमी झालं असा एकही नाही. त्या अभ्यासांत हाताच्या खुणा आणि कागदी चित्रंही होती, सगळेच बोलत्या यंत्राचे नव्हते. वाढही बहुतेकांची थोडीच होती, हेही सांगायला हवं. टॅब दिला की लेकरू घडाघडा बोलेल असं मी म्हणत नाही. पण ‘मुकं होईल’ हे साफ खोटं आहे.

आणि असं का होत असावं, हे आपल्यालाही कळण्यासारखं आहे. माणूस ‘पाणी’ दहा वेळा दहा तऱ्हेनं म्हणतो. यंत्र दर वेळी तसंच म्हणतं, चित्र समोर असतानाच म्हणतं. शब्द काढायचा ताण उतरला की कित्येक लेकरं तोच आवाज तोंडानं काढून बघतात. मात्र घरच्यांनीही बोलताना त्याच चित्रांना बोट लावायला पाहिजे, नाहीतर ती भाषा लेकरानं ऐकायची कोणाकडून? ॲपमधली मराठी पुस्तकी असते, ‘मला तहान लागली आहे’ अशी. आमच्या घरात असं कोण बोलतं? काही ॲपमध्ये स्वतःच्या आवाजात शब्द भरता येतात. ताईनं ‘पाणी दे’, ‘लई झालं’, ‘मामा’ हे आजीच्या आवाजात भरलेत. ‘नको’ आणि ‘थांब’ सगळ्यात आधी भरा. ज्याला ‘नको’ म्हणता येत नाही ते लेकरू चावतं.

रविवारी मी पेटी उघडायला लावली. टॅब हातात आल्यावर त्यानं पहिलं बोट ठेवलं ‘कान’वर, मग ‘दुखतंय’वर. डॉक्टरांनी पाहिलं तर कान आतून सुजलेला, पू झालेला. सहा दिवस ते लेकरू हेच सांगत होतं आणि सांगायचं साधन आपण कुलपात ठेवलं होतं. ताई रडली. मला त्या मेसेजवाल्याचा राग अजून आवरत नाही.

‘बोलतं ते यंत्र’ या म्हणण्यात एक कण खरा आहे. कुणी मोठं माणूस लेकराचा हात धरून अक्षरांवर नेत असेल, तर ते शब्द त्या मोठ्या माणसाचेच असतात, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. तसलं कुणी विकत असेल तर लांब राहा. पण जे लेकरू स्वतःच्या बोटानं, कुणी न सांगता ‘कान’ दाबतं, त्याचं बोलणं त्याचंच.

राहिली नोकरी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का ज्या गटाला आहे, त्यात तो येतो. जागा भरतात किती, हा वेगळा आणि कडू विषय. प्रत्येकाला नोकरी जमेल असंही नाही. पण परभणीच्या मोंढ्यात माझ्या ओळखीच्या एका आडतीवर असाच एक ऑटिस्टिक तरुण काटापट्ट्या, म्हणजे मालाच्या वजनाच्या चिठ्ठ्या, कॉम्प्युटरवर चढवतो. फोन घेत नाही, कानाला हेडफोन असतो, मालक काम ओरडून न सांगता व्हॉट्सॲपवर एकेक ओळ लिहून पाठवतात. काम झालं की तो त्या ओळीवर खूण करतो. हंगामात हमालांच्या आरडाओरड्यात त्याच्या पट्ट्या चुकत नाहीत. खर्च किती आला? हेडफोनचा.

आणि लेकराच्या टॅबचा खर्च म्हणाल, तर ॲप विकतच घ्यावं लागतं असं नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ फुकट आहे आणि मराठीत चालतं. साध्या अँड्रॉइड फोनवर टाकून बघा.

भाऊजी, तो मेसेज ज्या ग्रुपवर आला, त्याच ग्रुपवर हे टाका. तिथं अजून दोन घरांत अशी लेकरं आहेत.