बोटं बारीक करा, कीबोर्ड ठीकच आहे

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करून टाका: दोष तुमच्या बोटाचा आहे. फोनवर ‘येतो’ लिहायला गेलात आणि ‘तेतो’ उमटलं, तर कीबोर्डकडे डोळे वटारून बघू नका. तो बिचारा काचेखाली होता तिथेच आहे. आडवा आलाय तो तुमचा अंगठा.

हिशोब मांडून बघा, पटेल. बोटाने दाबायची कुठलीही गोष्ट किमान ४४ पॉइंट लांब-रुंद असावी, असं ॲपल ॲप बनवणाऱ्यांना सांगतं. पॉइंट म्हणजे स्क्रीनवर मोजायचं एक माप. गूगलचं माप वेगळं, त्याला डीपी म्हणतात; त्यांचा आकडा ४८ डीपी, म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. त्याहून लहान बटणावर माणसाचा नेम चुकतो, हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. आता स्वतःच्या फोनचा कीबोर्ड उघडा. जेमतेम सात सेंटिमीटर रुंदीचा स्क्रीन, वरच्या ओळीत दहा अक्षरं, मधल्या फटी वेगळ्याच. एकेका अक्षराच्या वाट्याला सात मिलिमीटरही धड येत नाहीत. म्हणजे महिन्यातून एकदा दाबायच्या बटणाला नियमाप्रमाणे ऐसपैस जागा आणि दिवसभर बडवायच्या बटणांची मात्र दाटीवाटी. यावर वाद घालत बसू नका. नऊ मिलिमीटर लागतात ते तुमच्या सध्याच्या बोटाला. बोट निम्मं केलंत की प्रश्न मिटला. अंगठ्याचं टोक दोनेक सेंटिमीटर भरतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करा.

मग नखाने लिहू का, असं काही हुशार लोक विचारतात. नको. काचेला नख कळतच नाही. कातडीतून वीज वाहू शकते आणि तिच्या स्पर्शाने काचेवरच्या विद्युतभारात जो बारीकसा फरक पडतो, तेवढाच तिला समजतो. नुसतं नख म्हणजे तिच्या लेखी हवा. पाण्याचा थेंब मात्र तिला फार कळतो. तो पडला की ती तुमची वाट न बघता दोन-चार अक्षरं स्वतःच लिहून मोकळी होते. तेव्हा लिहिण्याआधी हात पुसा, घाम येऊ देऊ नका आणि भर पावसात ‘उशीर होतोय’ हे कळवण्याच्या भानगडीत पडू नका. उशीर होतोय हे समोरच्याला घड्याळात दिसतंच आहे.

जुन्या कीबोर्डच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांना थोडा इतिहास सांगावा लागेल. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय ही अक्षरांची मांडणी १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरची. तेव्हा कागदावर लोखंडी दांडे आपटायचे आणि पुढे माणसं दहाही बोटं वापरून त्यावर टाइप करायला शिकली. दांडे गेले. दहातली आठ बोटं गेली, ती आता फोन खाली पडू नये म्हणून मागून धरून असतात. एफ आणि जे या अक्षरांवर बोटाला लागणारी बारीक उंचवट्याची खूण असायची, तीही गेली. मांडणी तेवढी जशीच्या तशी राहिली. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्जने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा इतर फोनवरच्या प्लॅस्टिकच्या कीबोर्डबद्दल त्याची तक्रार होती की गरज असो वा नसो, तो आपला तिथे असतोच. ती तक्रार आता पूर्ण दूर झालेली आहे. गरज असतानाही कीबोर्ड बोटाला लागत नाही.

आता जरा कामाचं, आणि इथे नीट लक्ष द्या. स्क्रीनवर दिसणारी सगळी अक्षरं सारख्या आकाराची असतात, पण हे फक्त दिसण्यापुरतं. प्रत्येक अक्षराभोवती एक न दिसणारं अंगण असतं आणि तुम्ही पुढे काय लिहाल याचा अंदाज बांधून कीबोर्ड ते लहान-मोठं करत राहतो. इंग्रजीत क्यू दाबलात की पुढे यू येणार हे त्याला ठाऊक असतं. मग यूचं अंगण पसरतं आणि शेजारचे वाय आणि आय अंग चोरून उभे राहतात. पहिल्या आयफोनपासून ही युक्ती वापरात आहे आणि खरं सांगायचं तर युक्ती झकास आहे. हिच्याशिवाय तुमचा निम्मा पत्रव्यवहार मंगळावरून आल्यासारखा दिसला असता.

तिची अट एकच. तुम्ही अपेक्षित तेच लिहायचं. एखादं दुर्मीळ आडनाव, गावाकडचा शब्द, कुणाचं तरी लाडाचं नाव लिहायला घेतलंत, की तुम्हाला हवं ते अक्षर अंग चोरून बसलेलं असतं आणि नको ते पसरलेलं. यावर उपाय सोपा. अनपेक्षित असं काही लिहूच नका. सर्वांना ‘ओके’, ‘हो’ आणि ‘शुभेच्छा’ एवढंच कळवत जा. या तीन शब्दांत सहसा चूक होत नाही. लाडाची नावं बंद करा. घरात बाळाचं नाव ठरायचं असेल तर दोन-तीन नावं आधी कीबोर्डला विचारा. त्याला जे पटेल ते ठेवा. नाहीतर ते मूल जन्मभर कुणाच्या तरी फोनवर भलत्याच नावाने वावरणार आहे.

एवढी काळजी घेऊनही चूक झालीच, तर ऑटोकरेक्ट आहे. याची वेळ साधण्याची हातोटी बघा. शब्द लिहीत असताना तो गप्प असतो. तुम्ही शब्द पुरा करता, बरोबर आहे याची खात्री करता, स्पेस दाबता आणि नजर पुढच्या शब्दाकडे वळवता, नेमका त्याच क्षणी तो मागचा शब्द बदलतो. स्पेस म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा असं तुम्हाला वाटत होतं. ती सही होती.

मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून मराठीत उमटवून घेणाऱ्यांना तर ही सेवा दुप्पट मिळते. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना ‘मॅडम, संध्याकाळपर्यंत नक्की पाठवतो’ असं कळवायचं असतं. मधला एक एच अंगठ्याखालून निसटतो आणि ‘मॅडम, संध्याकाळपर्यंत नक्की पटवतो’ असं जातं. वाक्य निर्दोष, व्याकरण शुद्ध, लाल रेघ कुठेच नाही. ‘बाबा काल आले’ चं ‘बाबा काळ आले’ होतं, त्यातही शुद्धलेखनाची चूक सापडत नाही. तेव्हा खुलासे करत बसू नका. खुलाशातही तोच कीबोर्ड वापरायचा आहे.

ऑटोकरेक्टचा मोठेपणा तुम्हाला अजून कळलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये आयफोनवर इंग्रजीत एकटा ‘आय’ लिहिला, की कित्येकांना त्याच्या जागी ‘ए’ आणि चौकोनातलं प्रश्नचिन्ह मिळायचं. ॲपलची दुरुस्ती येईपर्यंत लोकांना ‘मी’ म्हणता येईना. मीपण जावं म्हणून साधुसंतांनी आयुष्यं वेचली, इथे एका अपडेटमध्ये काम झालं. इंग्रजीतून शिव्या देणाऱ्यांवरही असेच संस्कार झाले. कितीही संतापून लिहा, शिवीच्या जागी ‘डक’ उमटायचं, म्हणजे समोर बदकच जायचं. २०२३ च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की कीबोर्ड आता तो शब्दही शिकून घेईल. म्हणजे शिवी शिकायला त्याला सोळा वर्षं लागली. तुमची चूक मात्र तो दोन-चार वेळांत शिकतो. घाईत सलग काही दिवस ‘बघुन’ लिहा. पुढे ‘बघून’ लिहायला घेतलंत तरी तो आदराने ‘बघुन’ पुढे करील. तुमचीच ठेव, व्याजासकट.

वरच्या पट्टीत तीन शब्द सुचवले जातात, त्यांचाही मान राखा. २०१९ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठासह काही संस्थांच्या संशोधकांनी ३७ हजार लोकांचं फोनवरचं टायपिंग तपासलं. सरासरी वेग निघाला मिनिटाला ३६ शब्द. ऑटोकरेक्ट वापरणारे इतरांपेक्षा वेगवान होते, पण पट्टीतून शब्द वेचणारे हळू निघाले. पट्टी वाचून निवड करण्यात जो वेळ जातो तेवढ्यात शब्द लिहूनच झालेला असतो. म्हणून काय झालं? आपल्याला काय म्हणायचंय हे दुसऱ्याने सुचवावं, हे सुख वेगात मोजायचं नसतं. कुणी गेल्याची बातमी येते, तुम्ही जड मनाने ‘भावपूर्ण’ एवढंच लिहिता आणि पट्टी लगेच ‘शुभेच्छा’ पुढे करते. अंगठा सवयीने तिकडे वळतोच.

मराठीचा कीबोर्ड घेऊन थेट मराठीतच लिहिणारी काही हट्टी मंडळी असतात. त्यांना वेगळा सल्ला. पहिली गोष्ट, ‘दुसऱ्या’ हा शब्द टाळा. र, हलन्त आणि य असं सरळ लिहिलं की ‘दुसर्या’ उमटतं; हवा असलेला ऱ बहुतेक वेळा र दाबून धरल्यावर वर उगवतो, आणि तिकडे बोट नेताना केसभर हललं की भलतंच काहीतरी. त्यापेक्षा प्रत्येक काम पहिल्याच प्रयत्नात करा, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयत्नाबद्दल लिहायची वेळ येणार नाही. वाऱ्याविषयीही लिहू नका. हवा म्हणा. दुसरी गोष्ट, क्ष. तो तुम्हाला एक अक्षर दिसतो, पण फोनच्या आत तो क, हलन्त आणि ष असा तिघांचा संसार आहे. बॅकस्पेस दाबलात की बऱ्याच कीबोर्डवर फक्त ष जातो आणि क लंगडत मागे राहतो. पुन्हा दाबा, हलन्त जातो. पुन्हा दाबा. आता रागाने धरून ठेवलंत की आधीचे चार शब्दही जातात, ज्यांचा काही गुन्हा नव्हता.

पासवर्डबद्दल फार लिहीत नाही. लिहिलेलं ठिपक्यांआड लपवायचं, मदत बंद ठेवायची आणि वर चुकलात म्हणून बजावायचं, यात विनोदाला जागाच शिल्लक नाही.

शब्दाच्या मध्ये कर्सर नेण्याचा खेळ मात्र जरूर खेळा. ‘सध्याकाळी’ झालंय, स वर एक अनुस्वार द्यायचा आहे, बस्स. तुम्ही स आणि ध्या यांच्या मध्ये बोट टेकवता. बोटाखाली अख्खा शब्द झाकला जातो, त्यामुळे कर्सर कुठे गेला हे बोट उचलल्यावरच कळतं: तो ळी च्या पुढे गेलेला असतो. पुन्हा टेकवता. आता स च्या आधी. तिसऱ्यांदा जरा जोरात दाबता, तर अख्खा शब्द निळा होतो आणि त्याच्या डोक्यावर ‘कट, कॉपी, पेस्ट’ ची पट्टी उघडते. ती बंद करायला म्हणून बाजूला बोट लावता, ते पेस्टवर पडतं, आणि संध्याकाळच्या जागी सकाळी कॉपी केलेला कुणाचा तरी खातेक्रमांक येऊन बसतो. ‘खातेक्रमांक भेटूया का?’ स्पेसचं बटण दाबून धरून बोट सरकवलं की कर्सर हवा तिथे नेता येतो, अशी सोय बऱ्याच फोनवर आहे. पण ती कुणाला सांगू नका. लोकांना वाटेल आपण त्यांना कमी लेखतोय.

बोलून लिहिण्याचा पर्यायही आहे म्हणे. खाजगी गोष्ट आसपासच्या सगळ्यांना ऐकवायची असेल तर उत्तम.

राहता राहिलं पाठवण्याचं बटण. चॅटमध्ये ते कीबोर्डच्या उजव्या टोकाला लागून, म्हणजे उजवा अंगठा जिथे सतत ये-जा करत असतो अगदी तिथेच असतं. त्यामुळे ‘मी तुमच्याशी सहमत आहे, पण’ यातला ‘पण’ मागे राहून उरलेलं वाक्य रवाना होतं आणि तुम्ही घटकाभर का होईना, सहमत होऊन बसता. घाबरून डिलीट केलंत की तिथे मेसेज डिलीट केल्याची पाटी लागते. मेसेज गेला असता तर कदाचित कुणी वाचलाही नसता; ती पाटी मात्र सगळे वाचतात आणि आत काय असेल याचा अंदाज बांधतात. तुम्ही काही लिहिलं असतंत त्याहून तो अंदाज जास्त रंगतदार असतो.

हे सगळं वाचूनही कुणी कुरकुरत असेल, तर त्याने एक दिवस ऑटोकरेक्ट बंद करून बघावं. संध्याकाळपर्यंत घरचे तब्येतीची चौकशी करायला लागतील.

आणि हो, पाठवण्यापूर्वी मेसेज एकदा वाचावा, असं काही जाणती माणसं सांगतात. अजिबात वाचू नका. वाचलात तर चूक दिसेल, दिसली तर दुरुस्त करावीशी वाटेल, आणि दुरुस्त करायला गेलात की कर्सर पुन्हा ळी च्या पुढे जाऊन उभा राहील.