अमेरिकेचं बटण आणि बीकेसीतला स्विच

सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: गुगल पे अमेरिकन कंपनी, तुमचे पैसे तिच्या सर्व्हरवर, अमेरिकेने बटण दाबलं की रशियासारखं आपलंही सगळं ठप्प, तुमच्या भाजीपाल्याचा हिशोबसुद्धा कॅलिफोर्नियात जातो, तेव्हा आजच ॲप डिलीट करा म्हणजे खातं सुटेल. शेवटी 'दहा जणांना पाठवा' आहेच. एरवी सोडून दिलं असतं, पण गिरगावातल्या सत्तरीच्या मावशीने तो वाचून खरोखरच ॲप उडवलं आणि आता ती निर्धास्त आहे. म्हणून शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. खरं नुकसान तिथे आहे.

'ॲप डिलीट केलं की खातं सुटतं' हे धादांत खोटं आहे. फोनवरून जातो तो फक्त आयकॉन. तुमचा यूपीआय आयडी, म्हणजे @ओकेएसबीआय किंवा @ओकेएचडीएफसीबँक असं शेपूट असलेला पत्ता, खात्याला जोडलेलाच राहतो. त्यावर कुणी पैसे पाठवले तर ते खात्यात जमा होतात. हे एक वेळ चालेल. चालणार नाही ते ऑटोपे, म्हणजे ठरल्या तारखेला आपोआप पैसे कापायची सोय. ओटीटीचं मासिक शुल्क, म्युच्युअल फंडाची एसआयपी, विम्याचा हप्ता यांचं मॅन्डेट, म्हणजे तुम्ही दिलेली कापायची परवानगी, ॲपच्या पोटात नसते, ती बँकेकडे नोंदलेली असते. साधारण १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन न विचारता कापली जाते; विमा, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी ही मर्यादा एक लाख आहे. ॲप उडवलंत तरी ठरल्या तारखेला पैसे जाणारच. फरक इतकाच, की रद्द करायची हाताशी असलेली सोय तुम्ही स्वतःच्या हाताने फेकून दिलेली असते. कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते खरी, पण कर्जाच्या आणि लकी ड्रॉच्या एसएमएसमधून ती शोधणार कोण?

दुसरी अडचण यूपीआय लाइटची. बस, चहा, वडापाव असे छोटे खर्च पिनशिवाय व्हावेत म्हणून त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात. ते बाजूला काढलेले पैसे असतात आणि त्यांचा व्यवहार त्या फोनमधल्या त्या ॲपशी बांधलेला असतो. लाइट बंद न करता ॲप काढलं तर ती शिल्लक अडकून बसू शकते, मग बँकेत खेपा घाला.

सोडायचंच असेल तर क्रम असा. आधी लाइट बंद करून शिल्लक खात्यात परत घ्यायची. मग प्रोफाइलमध्ये ऑटोपे उघडून प्रत्येक मॅन्डेट बघायचं. नको ते रद्द करायचं, हवं ते दुसरीकडे लावायचं. एसआयपी किंवा विम्याचं मॅन्डेट रद्द करण्याआधी नवं चालू झाल्याची खात्री करा, नाहीतर हप्ता चुकतो. त्यानंतर बँक खातं निवडून ते ॲपमधून काढायचं. आयकॉन उडवणं सगळ्यात शेवटी. एवढं करायला पंधरा मिनिटं लागत नाहीत.

आता 'पैसे गुगलच्या सर्व्हरवर'. पैसे तुमच्या बँकेत असतात. तुम्ही दादरच्या मंडईत क्यूआर स्कॅन केलात की विनंती ॲपकडून त्याच्या भागीदार बँकेकडे, तिथून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या भारतीय संस्थेच्या स्विचकडे (बँकांना जोडणाऱ्या मधल्या यंत्रणेकडे), तिथून तुमच्या बँकेकडे जाते. तुमची बँक पैसे वजा करते, समोरची बँक जमा करते. पिन टाकता ते पानसुद्धा एनपीसीआयच्या कोडमधून येतं, पिन गुगलला दिसत नाही. ॲप म्हणजे खिडकी. खिडकीमागची बँकही बदलता येते, हे २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, १५ मार्चनंतर नव्या ठेवी बंद झाल्या, पण त्याच्या आदल्याच दिवशी पेटीएम ॲपला चार दुसऱ्या बँकांमार्फत यूपीआय चालवायची परवानगी मिळाली आणि दुकानांतले निळे क्यूआर चालू राहिले.

बटण असलंच तर ते वांद्रे-कुर्ला संकुलात (बीकेसी), एनपीसीआयच्या मुख्यालयात आहे. १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय कोलमडलं ते वॉशिंग्टनमुळे नाही. 'व्यवहार झाला का?' ही विचारणा काही बँकांकडून इतक्या वेळा येत राहिली, की एनपीसीआयची यंत्रणा तिच्या ओझ्याखाली दबली. असं ओझं कमी व्हावं म्हणून त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक तपासता येते.

रशियाचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. तिथला गुगल पे व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं फोनमध्ये ठेवणारा होता. मार्च २०२२ मध्ये त्या कंपन्या निघून गेल्या आणि गुगल पेने पैसे देणं बंद पडलं. पण रशियन बँकांनी दिलेली प्लास्टिकची कार्डं देशात चालतच राहिली, कारण देशांतर्गत व्यवहार त्यांच्या स्वतःच्या स्विचवरून जात होते. आपल्याकडे यूपीआयचा स्विच पहिल्या दिवसापासून इथलाच आहे.

'हिशोब कॅलिफोर्नियात' या मुद्द्यावर एकच कागद वाचला तरी पुरे: रिझर्व्ह बँकेचं ६ एप्रिल २०१८ चं परिपत्रक. पेमेंटचा संपूर्ण डेटा फक्त भारतात साठवायचा, मुदत सहा महिने. प्रक्रिया बाहेर झाली तर २४ तासांच्या आत तिथला डेटा पुसून इथे आणायचा, असा खुलासा पुढच्या वर्षी आला. हे कागदावरच राहिलं नाही. याच कारणावरून २०२१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस आणि मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली. मास्टरकार्डची बंदी उठायला जून २०२२ उजाडला. व्हॉट्सॲपची पेमेंट सेवा २०१८ पासून चाचणीतच अडकली होती, परवानगी मिळाली नोव्हेंबर २०२० मध्ये. अर्थात डेटा इथे साठवला म्हणजे गुगलला तुमची खरेदी दिसत नाही, असं नव्हे. तुम्ही कुठे किती खर्च करता हे ॲपला कळतंच. त्याचा वापर कमी करायचा तर सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली पर्सनलायझेशन बंद करा.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. भीती पूर्ण निराधार नाही, ती चुकीच्या दाराशी उभी आहे. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांवरच होतात, आणि फोनपेची बहुतांश मालकी वॉलमार्टची. कुणाचाही हिस्सा ३० टक्क्यांवर जाऊ नये, असा नियम एनपीसीआयने २०२० मध्ये काढला. मुदत आधी २०२२ अखेर होती, मग २०२४ अखेर झाली, मग ३१ डिसेंबर २०२६. खरा हिसका बघायचा तर गुजरातेतल्या वाडीनारला बघा: युरोपीय निर्बंधांचं कारण देत जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या रशियन भागीदारीच्या तेलशुद्धीकरण कंपनीची ईमेल आणि टीम्स सेवा तोडली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यावर ती परत सुरू झाली. किंवा मार्च २०२४: शुल्काच्या वादातून गुगलने नौकरी डॉट कॉम, शादी डॉट कॉम अशा भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढली, सरकारने डोळे वटारल्यावर परत आणली. फोनमधल्या सॉफ्टवेअरपासून प्ले स्टोअरपर्यंत मालकी या अमेरिकन कंपन्यांची आहे. यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

मग करायचं काय? वेगवेगळ्या बँकांच्या शेपटांची दोन ॲप ठेवा, त्यातलं एक एनपीसीआयचं भीम असलं तर उत्तम. इंटरनेट नसेल तेव्हा बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून *९९# लावा. एका व्यवहाराला ५,००० रुपयांची मर्यादा आहे. रुपे कार्ड आणि दोन दिवसांची रोकड घरात असू द्या.

मावशीला मात्र आधी ॲप परत घ्यावं लागेल. नोंदणीसाठी फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो, तो बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच गेला पाहिजे. दोन सिम असतील तर बरोबर ते निवडायचं, आणि त्यावर एसएमएस जाईल एवढा रिचार्ज आहे का ते आधी बघायचं. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडतं. मग ऑटोपेची यादी उघडायची. तिच्या विम्याचा हप्ता ७ तारखेला आहे.