डिपस्टिक, सेन्सर आणि ‘थोडे जास्त’ ऑइल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

छोट्या इंजिनातील ऑइलची पातळी तपासण्याविषयीच्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप नोंदवले, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की ऑइल ठरलेल्या तासांनी बदलत असल्यास दर वेळी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी खुणांची पट्टी) काढून पाहणे हा निव्वळ सोपस्कार आहे; कमी ऑइलचा सेन्सर असलेल्या इंजिनाला तर त्याची गरजच नाही; ऑइल थोडे जास्त असलेले केव्हाही बरे; आणि डिपस्टिक आटे लावून वाचायची की नुसती टेकवून, या प्रश्नावर मी ‘मॅन्युअल पाहा’ म्हणून हात झटकले आहेत.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण खरा गोंधळ तिथेच होतो. डिपस्टिकवरच्या खुणा ती एका विशिष्ट स्थितीत बसलेली आहे असे धरूनच केलेल्या असतात. काही इंजिनांत ती पुसून, आटे न फिरवता, तोंडावर नुसती टेकवून वाचायची असते. काहींत पूर्ण आवळून मग बाहेर काढायची असते. पहिल्या प्रकारची पट्टी आवळली, तर ती आट्यांच्या उंचीइतकी अधिक खोल जाते आणि ऑइल आहे त्याहून जास्त दिसते. दुसऱ्या प्रकारची नुसती टेकवली, तर ऑइल कमी दिसते आणि माणूस विनाकारण भर घालतो. त्यामुळे सर्वांसाठी एकच नियम मी दिला असता, तर तो काही वाचकांच्या इंजिनांना नक्कीच चुकीचा ठरला असता. इंजिन गरम असावे की थंड, यावर लोक बराच वाद घालतात. पण 600 मिलिलिटर ऑइल 60 अंशांनी तापले, तरी जेमतेम 25 मिलिलिटरने फुगते. यंत्र उतारावर उभे असेल किंवा इंजिन नुकतेच बंद केल्यामुळे ऑइल अजून खाली उतरलेले नसेल, तर त्याहून मोठी चूक होऊ शकते.

आता ‘थोडे जास्त’विषयी. जनरेटर, पाण्याचा पंप किंवा गवत कापण्याचे यंत्र यांवरील अनेक फोर-स्ट्रोक इंजिनांत ऑइल पंप नसतोच. आडव्या शाफ्टच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटा दांडा असतो. तो दर फेरीला ऑइलमध्ये बुडतो आणि आतल्या भागांवर ऑइल उडवतो. म्हणजे वंगण पोहोचते की नाही, हे पातळीवरच ठरते. ती खाली गेली, की दांडा ऑइलपर्यंत पोहोचत नाही आणि रॉडचे बेअरिंग कोरडे पडते. ती वर गेली, की ऑइल घुसळून फेसाळते, ब्रीदरमधून (इंजिनाच्या आतले वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेतून) एअर फिल्टरपर्यंत जाते, इंजिन धूर सोडू लागते आणि प्लग खराब होतो. वरच्या खुणेच्या पुढे ओतलेल्या ऑइलने इंजिनाला कोणतेही जादा संरक्षण मिळत नाही.

ठरलेल्या तासांनी ऑइल बदलणे आवश्यकच आहे, परंतु दोन बदलांच्या मधल्या काळाचे काय? समजा इंजिनात 600 मिलिलिटर ऑइल आहे, बदल 100 तासांनी आहे आणि झिजलेले इंजिन तासाला 4 मिलिलिटर ऑइल जाळते. मग बदलाची वेळ येईपर्यंत 600 पैकी 400 मिलिलिटर संपलेले असेल. तिथे सेन्सर इंजिन बंद करील, हे मान्य. पण तो पातळी मोजत नाही, एका मर्यादेखाली ती गेली एवढेच ओळखतो, आणि यंत्र तिरपे असल्यास पुरेसे ऑइल असूनही इंजिन थांबवतो. शिवाय तो प्रत्येक इंजिनात नसतो.

सेन्सरला मुळीच न कळणारी एक अवस्था मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटते: भर न घालता वाढलेली पातळी. कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी निडल नीट बसत नसेल आणि पेट्रोलचा कॉक उघडा राहिला असेल, तर पेट्रोल झिरपत क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात, उतरते. ऑइल पातळ होते, पातळी वाढते आणि सेन्सरच्या दृष्टीने सारे आलबेल असते. डिपस्टिक काढून वास घेतला, की पेट्रोल लगेच ओळखू येते. असे आढळल्यास इंजिन चालू न करता कॉक बंद करावा, निडल आणि तिची बैठक दुरुस्त करावी आणि मगच नवे ऑइल भरावे. केवळ ऑइल बदलले, तर तेही तसेच पातळ होईल.