सहायक धरत नाहीत

महिला दिनानिमित्त आमच्या सोसायटीत प्रश्नमंजुषा झाली. प्रश्न अकरावा: अभिनयाचं ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री कोण? मी घंटा वाजवून सांगितलं, हॅटी मॅकडॅनियल, 1940. परीक्षक काकांनी हातातल्या कागदाकडे बघितलं, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा कागदाकडे बघितलं. "चूक. हॅली बेरी." अहो काका, हॅली बेरी 2002 सालची, ही तिच्या बासष्ट वर्षं आधीची! काकांनी मोबाइल काढला. माझं उत्तर बरोबर आहे हे त्यांना मोबाइलवर दिसलं आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर. मग मोबाइल खिशात ठेवून ते म्हणाले, "ते सहायक अभिनेत्रीचं होतं. सहायक धरत नाहीत."

एका गुणाने हरलो. पोळ्यांचा डबा बी विंगला गेला.

रात्री झोप लागेना तेव्हा लक्षात आलं की काका इथे वाया चाललेत. हा माणूस लॉस एंजेलिसला, ऑस्कर देणाऱ्या अकादमीत हवा. आणि अकादमी हल्ली आपल्याकडच्या लोकांनाही सदस्य करून घेते, तेव्हा उद्या काकांना काय, तुम्हालाही मत द्यायची वेळ येऊ शकते. कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा गौरव तर झाला पाहिजे, पण फार व्हायला नको, ही कसरत कशी करायची? चार गोष्टी सांगून ठेवते.

आधी भूमिका बघा, अभिनय मग. 1940 साली हॅटीबाईंना 'गॉन विथ द विंड'मधल्या दासीसाठी दिलंत. 2012 साली ऑक्टाव्हिया स्पेन्सरला 'द हेल्प'मधल्या मोलकरणीसाठी दिलंत. बहात्तर वर्षांत माणूस चंद्रावर जाऊन परत आला, पण यांची भांडी घासून झाली नाहीत. मधेमधे बदल म्हणून मृत्युदंड झालेल्याची बायको चालेल, पोटच्या मुलीचा छळ करणारी आई चालेल, चाबकाचे फटके खाणारी गुलाम चालेल. (या बायकांची कामं थोर होती, त्याबद्दल वाद नाही. वाद पाकिटावरच्या पत्त्याबद्दल आहे, दर वेळी तोच कसा?) मात्र 2022 साली व्हायोला डेव्हिस 'द वुमन किंग'मध्ये हातात शस्त्र घेऊन सेनापती म्हणून उभी राहिली, तेव्हा कसं कुणाला दिसलीच नाही. त्या सिनेमाला एकही नामांकन नाही. यावरून दुःखी आई हमखास चालते असाही समज करून घेऊ नका. त्याच वर्षी 'टिल'मध्ये डॅनियल डेडवायलर खून झालेल्या चौदा वर्षांच्या पोराच्या आईचं काम करून गेली. तिलाही नामांकन नाही. आता नियम काय, ते काकांना विचारा.

नामांकनं सढळ हाताने द्या, त्याला पैसे पडत नाहीत. 'द कलर पर्पल'ला 1986 साली अकरा दिली होती, त्यांत तीन कृष्णवर्णीय अभिनेत्री. बक्षिसं शून्य.

यादीत एकही नाव नसेल तर 'गुणवत्ता' म्हणा. 2015 आणि 2016, लागोपाठ दोन वर्षं, अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली. मोठा योगायोग, गुणवत्तेला त्या दोन वर्षांत उन्ह बाधलं असावं.

आता मुख्य युक्ती: सहायक. लहानपणी लपाछपीत कच्चा लिंबू असायचा, आठवतो? शेजारच्यांचं धाकटं पोर. त्याला खेळात घ्यायचं, धावू द्यायचं, गुडघे फुटू द्यायचे, फक्त त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही आणि त्याने धप्पा दिला तर धरायचा नाही. आई गॅलरीतून बघत असते, तिला दिसतं की घेतलंय बाई माझ्या बाळाला खेळायला. सहायक अभिनेत्री हा विभाग कृष्णवर्णीय बायकांसाठी असा वापरता येतो. 'फेन्सेस' नाटकात व्हायोला डेव्हिसने रोझचं काम न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर केलं तेव्हा 2010 साली तिला टोनी, म्हणजे नाटकवाल्यांचं ऑस्कर, मिळालं, प्रमुख अभिनेत्रीचं. प्रमुख! तेच नाटक पडद्यावर आलं, तीच बाई, तीच रोझ, नवऱ्याच्या कामात तोच डेंझेल वॉशिंग्टन, आणि 2017 साली ऑस्कर मिळालं ते सहायकचं. रंगमंचावरून पडद्यावर येईपर्यंत रोझ कुठे झिजली? हो, माहीत आहे मला, नाव कुठल्या विभागात द्यायचं हे निर्माते आणि नट मंडळी बघतात, प्रमुखमध्ये स्पर्धा अवघड, सहायकमध्ये खात्री जास्त, हे गणित त्यांनीच केलं. पण ते गणित तसं का सुटतं? समोर मत देणारे कुठे हात वर करतात आणि कुठे करत नाहीत, हे त्यांना पाठ झालेलं असतं म्हणून. कृष्णवर्णीय अभिनेत्रींनी जिंकलेली सहायकची ऑस्करं आता दहाच्या वर गेलीत. प्रमुखचं किती? ते पुढे सांगते, आधी हॅटीबाईंचं ऐका, कारण माझा गुण त्यांच्यामुळे गेला.

डिसेंबर 1939मध्ये अटलांटाला 'गॉन विथ द विंड'चा पहिला खेळ झाला. गाजावाजा, मिरवणुका, आणि हॅटीबाई नाहीत. तिथल्या वर्णभेदाच्या कायद्यात त्यांना गोऱ्या नटांबरोबर बसता आलं नसतं. दोन-अडीच महिन्यांनी, 29 फेब्रुवारी 1940ला, लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात पुरस्कार समारंभ. हॉटेल कृष्णवर्णीयांना घेत नव्हतं, यांच्यासाठी खास परवानगी काढावी लागली. आणि परवानगी काढून बसवलं कुठे? सिनेमातली मंडळी एकत्र बसलेली, हॅटीबाई भिंतीकडेच्या वेगळ्या छोट्या टेबलावर. तिथून उठून ही बाई स्टेजपर्यंत गेली, रडवेल्या आवाजात आभार मानले, आणि परत भिंतीकडे. (त्या काळी सहायकांना ऑस्करची बाहुली नव्हे, पाटी मिळायची. ती मात्र गोऱ्यांनाही तशीच, उगाच आळ नको.) गुलामीत जन्मलेल्या आईबापांची लेक! 1952 साली गेल्या. हॉलिवूडच्या कबरस्तानात पुरावं अशी इच्छा लिहून ठेवली होती, तिथेही गोऱ्यांशिवाय कुणाला जागा नव्हती. पाटी हॉवर्ड विद्यापीठाला दिली होती, ती पुढे हरवली. अकादमीने नवीन दिली 2023 साली. बाई टेबलाला धरली नाही, मातीला धरली नाही, आणि इकडे आमचे काका, एसी हॉलमध्ये बसून, बटाटेवड्याचं तेल बोटांना, तिला एका गुणाला धरत नाहीत!

असो. उरलेल्या सूचना.

हरलेली बाई हसते की नाही, यावर नजर ठेवा. अँजेला बॅसेट 2023 साली हरली आणि टाळ्या न वाजवता बसून राहिली, तर जगभरातल्या सभ्य माणसांनी तिची शिकवणी घेतली. गायिका टीना टर्नरचं काम करून 1994 सालीही ती हरली होती. तेव्हापासून एकोणतीस वर्षं सराव करूनही हसू जमलं नाही, म्हणजे कमालच. पुढल्या जानेवारीत अकादमीने तिला मानद ऑस्कर दिलं.

तेव्हा मानदची सोय विसरू नका. सिसली टायसनला 1973 साली प्रमुखचं नामांकन आणि 2018 साली मानद, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी. घाई कशाला?

दर वेळी 'दार उघडलं' म्हणा.

प्रश्नमंजुषेनंतर चहा होता. मी कडेला उभी राहून वडा खात होते, तर काका तिथे आले आणि माझी समजूत काढायला म्हणाले, "अहो, हल्ली तर दरवर्षी त्यांनाच देतात. कोटाच आहे म्हणा ना."

कोटा? काका, सहायक धरत नाहीत ना, मग नका धरू. फक्त प्रमुख धरू. पुरस्कार सुरू झाले 1929 साली. प्रमुख अभिनेत्रीचं पहिलं नामांकन कृष्णवर्णीय बाईला, डोरोथी डँड्रिजला, मिळालं 1955मध्ये. त्यानंतरची नामांकनं 1973मध्ये. पहिला विजय 2002, तुमची हॅली बेरी. ती त्या रात्री हुंदके देत डोरोथीचं नाव घेत होती, कितीतरी अनाम जणींसाठी आज दार उघडलं म्हणत होती. आणि दुसरा विजय? सांगा ना. मोबाइल आहे की खिशात. पहिली कोण हे विचारता, दुसरी कोण हे का विचारत नाही? कारण दुसरी नाहीच. जवळजवळ शंभर वर्षांत एक. एकीला कोटा म्हणता तुम्ही? आणि हे तुम्ही त्या दिवशी, महिला दिनाच्या फलकाखाली उभं राहून, जिचं नाव तुम्हाला तोपर्यंत ठाऊक नव्हतं त्या बाईचा हिशोब मोडून सांगता. ठाऊक नव्हतं याचा राग नाही हो, सगळ्यांनाच सगळं ठाऊक नसतं. मोबाइलवर बघितल्यावर 'चुकलं माझं' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्याऐवजी उभ्या उभ्या नियम काढलात. तिच्या वेळीही माणसं असेच नियम काढत होती, हॉटेलचा नियम, कबरस्तानाचा नियम.

डबा राहू दे बी विंगला, मला पोळ्या ठेवायला आहे एक. पण सोसायटीच्या ग्रुपवर उत्तरं टाकली आहेत ना तुम्ही, त्यातलं अकरावं आज दुरुस्त करा.